जमिनीला वाफ देताना

मार्च महिना. जवळा बाजारला आमच्या काकांच्या शेतात हळद शिजवणं चालू होतं. बॉयलरची वाफ पाइपातून ड्रममध्ये शिरत होती, वर ओलं गोणपाट टाकलेलं. काकांनी एक कंद काढून त्यात काडी खुपसली. आरपार गेली. "झाली," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "तुम्ही तिकडं भुईलाच वाफ देता म्हणं?"

देतो. कॅनडात अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरीच्या आसपास, सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूत बिटुमेन, म्हणजे डांबरासारखं जड तेल, मुरलेलं आहे. थंड थरात ते पाण्याच्या 10 लाख पटींहूनही घट्ट असतं, जागचं हलत नाही. म्हणून साधारण 5 मीटर अंतरानं, एकीखाली एक अशा दोन आडव्या विहिरी घेतात. ही कल्पना अभियंते रॉजर बटलर यांची. वरच्या विहिरीतून वाफ सोडतात. थर 200 अंशांच्या पुढं तापला की बिटुमेन पातळ होऊन खालच्या विहिरीत उतरतं. राजस्थानात बाघेवाल्याला ऑइल इंडियाही जड तेलासाठी वाफ वापरते. तिथं एकाच विहिरीतून आधी वाफ सोडतात, मग तेल उपसतात.

माझं लक्ष तेलापेक्षा वाळूवर जास्त. तिचे कण एकमेकांत गच्च रुतलेले असतात. वाफेच्या दाबानं आणि उष्णतेनं ते सरकतात, मधल्या फटी रुंदावतात, तेलाला वाट मिळते. वरची जमीन कित्येक सेंटिमीटर उचलली जाते. तापलेल्या थरातून ध्वनिलहरी सावकाश जातात. वाफ कुठवर पोचली ते त्यावरून कळतं. कधी उलटंही होतं. वाफेचं गार झालेलं गोडं पाणी चिकणमाती फुगवतं आणि वाटा बुजतात.

या सगळ्यावरचं गोणपाट म्हणजे शेल खडकाचा थर. 2006 साली अल्बर्टातल्या जोस्लिन इथं वाफेनं ते झाकण फोडलं. वाफ उसळून वर आली, जमिनीला मोठा खड्डा पडला.

काकांनी शिजलेला कंद माझ्या हातावर ठेवला. "हा आता बेण्याला चालत नाही."

जमिनीचंही तेच आहे. थर गार झाला तरी सरकलेले कण पूर्वीसारखे बसत नाहीत. म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी वरचं झाकण किती दाब सोसेल, हे मोजल्याशिवाय मी सही करत नाही.