मोटारीसाठी दिशादर्शक यंत्र निवडताना

मोटारीच्या पुढील काचेवर बसविण्याचे जीपीएस यंत्र खरेदी करू इच्छिणाऱ्याने पडद्याचा आकार अथवा किंमत यांच्या आधी हे पाहावे की, संपूर्ण नकाशा यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत साठविलेला आहे किंवा नाही. कारण सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून भ्रमण करणाऱ्या उपग्रहांचे संदेश वरंधा किंवा ताम्हिणी घाटातही पोहोचतात, परंतु मोबाइलचे जाळे तेथे हमखास लाभेलच असे नाही. स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळणे आवश्यक असते, आणि उंच कड्यांनी अथवा इमारतींनी आकाशाचा बराचसा भाग झाकला गेला म्हणजे दृष्टिपथातील उपग्रहांची संख्या झपाट्याने घटते. म्हणून अमेरिकेच्या जीपीएसबरोबरच रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि शक्य तर आपल्या इस्रोने उभारलेले नाविक यांचेही संदेश ग्रहण करणारे यंत्र मी निःसंशय श्रेष्ठ मानतो. बोगद्यात मात्र या सर्वांचाच नाइलाज होतो.

नकाशाची दुरुस्ती किती वर्षे विनामूल्य मिळणार, याची लेखी हमी दुकानदाराकडून अवश्य घ्यावी. कारण नवे बाह्यवळण ज्याच्या दफ्तरी दाखल नाही असे यंत्र, उपग्रहांशी कितीही इमानाने संधान राखून असले, तरी प्रवाशाला जुन्याच रस्त्याने नेणार. काचेवर उष्णतारोधक धातूचा मुलामा असल्यास संदेश क्षीण होतात, तेव्हा खरेदीपूर्वी स्वतःच्याच मोटारीत यंत्राची परीक्षा करणे इष्ट. उन्हात उभ्या मोटारीत ते ठेवून जाऊ नये. आतील लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर निकामी होते.