केमोथेरपी घेणाऱ्या कर्करुग्णांमधील पोषणविषयक जोखमीचे मूल्यमापन

प्रस्तावना :
केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशी नष्ट करतात. तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वेगाने विभागत असल्याने त्यांनाही इजा पोहोचते. परिणामी तोंड येणे, मळमळ, उलट्या, जुलाब, चव बदलणे अशा तक्रारी उद्भवून आहार घटतो. शिवाय रोगजन्य दाहामुळे स्नायूंची झीज होते व ती केवळ अधिक जेवण दिल्याने भरून येत नाही. डीविस व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केमोथेरपीपूर्वी वजन घटलेल्या रुग्णांचे आयुर्मान बहुसंख्य प्रकारच्या कर्करोगांत कमी आढळले. म्हणून ही जोखीम वेळीच ओळखणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

मूल्यमापनाची साधने :
१) मस्ट : बॉडी मास इंडेक्स, तीन ते सहा महिन्यांतील अनैच्छिक वजनघट व तीव्र आजारामुळे बंद पडलेला आहार यांना गुण दिले जातात. एकूण २ वा अधिक गुण म्हणजे उच्च जोखीम.
२) एनआरएस-२००२ : यात आजाराची तीव्रता व वयाची सत्तरीही विचारात घेतली जाते. ३ वा अधिक गुण जोखीम दर्शवितात.
३) पीजी-एसजीए : हे कर्करुग्णांसाठी विकसित झालेले साधन आहे. वजन, आहार, लक्षणे व दैनंदिन हालचाल यांची माहिती रुग्ण स्वतः देतो. उर्वरित तपासणी तज्ज्ञ करतात. ९ वा अधिक गुण असल्यास तातडीने उपाययोजना आवश्यक असते.

केवळ वजन पाहण्यातील धोका :
१७० सेंटीमीटर उंचीच्या रुग्णाचे वजन पाच महिन्यांत ८० वरून ७१ किलोवर आले, तर त्याचा बॉडी मास इंडेक्स २४.६ म्हणजे वरकरणी समाधानकारक दिसतो. परंतु वजनघट ११ टक्क्यांहून अधिक असल्याने मस्टनुसार तो उच्च जोखमीच्या गटात मोडतो. स्थूल रुग्णातील स्नायूंची झीज अशीच दुर्लक्षित राहते. पोटात पाणी होणे किंवा अंगावरील सूज यांमुळेही खरी वजनघट झाकली जाते. रक्तातील अल्ब्युमिन दाहामुळेही घटत असल्याने तो पोषणाचा स्वतंत्र निकष मानता येत नाही.

मूल्यमापनानंतरची दिशा :
युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दररोज प्रतिकिलो वजनामागे २५ ते ३० किलोकॅलरी व १ ते १.५ ग्रॅम प्रथिने अपेक्षित आहेत. म्हणजेच ६० किलो वजनाच्या रुग्णास सुमारे १,५०० ते १,८०० किलोकॅलरी व ६० ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. केवळ पेज वा वरणाच्या पाण्यावर ही गरज भागत नाही. अंडी, दही, पनीर, मऊ शिजविलेली डाळ यांची थोड्याथोड्या अंतराने जोड द्यावी लागते. पथ्याच्या नावाखाली कुटुंबीयांनी वर्ज्य केलेल्या पदार्थांची चौकशीही म्हणूनच आवश्यक आहे.

समारोप :
पोषणविषयक जोखीम केमोथेरपीच्या प्रत्येक आवर्तनागणिक बदलू शकते. त्यामुळे एकदाच केलेली नोंद पुरेशी नसून पूर्वीचे वजन, सध्याचे वजन व प्रत्यक्ष आहार यांची प्रत्येक आवर्तनापूर्वी नोंद होणे गरजेचे आहे. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. वजनकाटा, उंचीची पट्टी व रुग्णाला विचारलेले नेमके प्रश्न एवढ्यावर प्राथमिक चाळणी होऊ शकते.