विश्लेषण : ब्लॉगमध्ये चिकटवलेला कोड गायब का होतो?

यवतमाळला लागून असलेल्या लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही. समजा, तेथील एखाद्या विद्यार्थ्याने कापसाच्या भावाचा आलेख तयार केला. बोट ठेवले की त्या दिवसाचा भाव दिसतो. त्याचा कोड त्याने वर्डप्रेस डॉट कॉमवरील आपल्या मोफत ब्लॉगमध्ये चिकटवला. लेख प्रसिद्ध झाला, पण आलेखाची जागा रिकामीच राहिली. पुन्हा संपादन उघडले, तर कोडच नाहीसा! अनेकांना हा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात ती यंत्रणेने मुद्दाम केलेली कारवाई असते.

नेमके काय घडते?

लेख जतन होताना त्यातील मजकूर एका चाळणीतून जातो. परिच्छेद, ठळक अक्षरे, दुवे, छायाचित्रे यांच्या खुणा त्यातून पार होतात. ‘स्क्रिप्ट’, ‘आयफ्रेम’, ‘ऑब्जेक्ट’, ‘एम्बेड’ या खुणा मात्र काढून टाकल्या जातात. हलता आलेख, प्रश्नमंजूषा, मतचाचणी किंवा खेळ हे सारे बहुधा याच खुणांवर चालते. त्यामुळे मजकूर राहतो आणि त्यातील ‘जिवंत’ भाग तेवढा उडतो.

निर्बंध कशासाठी?

स्क्रिप्ट चालते ती लेखकाच्या संगणकावर नव्हे, तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये. तो कोड कोणी लिहिला, हे ब्राउझर पाहत नाही; पान कोणत्या पत्त्यावरून आले, एवढेच पाहतो. म्हणजे ब्लॉगच्या पानात मिसळलेल्या स्क्रिप्टला त्या पानाचे सगळे अधिकार मिळतात. वाचकाने त्याच सेवेत लॉग-इन केलेले असेल, तर दुष्ट हेतूने लिहिलेली स्क्रिप्ट त्याच्या नावाने संदेश पाठवू शकते, मजकूर बदलू शकते किंवा खोटा लॉग-इन फॉर्म दाखवून पासवर्ड मागू शकते.

औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्याचे उदाहरण घ्या. आत कोणते यंत्र ठेवायचे, हे भाडेकरू ठरवतो. मुख्य वीजजोडणीला मात्र त्याला हात लावू देत नाहीत. कारण शॉर्टसर्किट एका गाळ्यात झाले, तरी आग शेजारी पसरते.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

होय. मराठी तरुणांच्या एका पिढीने वापरलेल्या ऑर्कुटवरच घडले आहे. मित्राच्या पानावर ‘स्क्रॅप’ लिहिताना त्यात चित्रे आणि फ्लॅशवर आधारित गोष्टी टाकता येत. डिसेंबर 2007 मध्ये नववर्षाच्या पोर्तुगीज शुभेच्छांचा एक स्क्रॅप फिरू लागला. त्यावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. तो नुसता पाहिला, की वापरकर्ता आपोआप एका समूहाचा सदस्य होई आणि तोच स्क्रॅप त्याच्या मित्रांना जाई. काही तासांत लाखो खाती बाधित झाली. पुढे 25 सप्टेंबर 2010 रोजी ‘बॉम साबाडो’ म्हणजे ‘शुभ शनिवार’ या नावाचा असाच प्रकार ब्राझीलसह भारतातही पसरला.

धोकादायक कोड तेवढाच का अडवत नाहीत?

तो प्रयोग फसला आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळला जात असे. सॅमी कामकर या 19 वर्षांच्या तरुणाने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. चाळणीला तो ओळखता आला नाही. काही ब्राउझर मात्र तो जोडून वाचत. सुमारे 20 तासांत दहा लाखांहून अधिक जणांकडून त्याला मैत्रीच्या विनंत्या गेल्या आणि मायस्पेसला संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावे लागले.

यातून मिळालेला धडा असा, की वाईट गोष्टींची यादी कधीच पूर्ण होत नाही. त्यामुळे चालणाऱ्या गोष्टींचीच यादी करायची आणि बाकी सारे गाळायचे. वर्डप्रेसमधील ‘केसेस’ नावाची चाळणी याच तत्त्वावर काम करते. विद्यार्थ्याचा आलेख निरुपद्रवी आहे की नाही, हे ती तपासतच नाही. यादीत नसलेली खूण ती काढते.

मग यूट्यूबचा व्हिडीओ कसा चालतो?

तेथे लेखकाचा कोड वापरलाच जात नाही. लेखक फक्त व्हिडीओचा दुवा स्वतंत्र ओळीत टाकतो. ती सेवा मान्य यादीत असेल, तर ब्लॉगची यंत्रणा स्वतःच तिच्याकडून व्हिडीओची चौकट मागवते. ‘ओएम्बेड’ ही 2008 पासून रूढ झालेली पद्धत यासाठी वापरतात. अशा चौकटीतील मजकूर त्याच्या मूळ पत्त्यावरून चालतो. ब्लॉगच्या पानात दिसत असला, तरी त्याला त्या पानात शिरकाव नसतो.

ब्लॉगर परवानगी कशी देते?

राज्यातील जिल्हा परिषद शाळांमधील अनेक तंत्रस्नेही शिक्षकांचे ब्लॉग गुगलच्या ब्लॉगर सेवेवर आहेत. तेथे स्क्रिप्ट टाकता येते. कारण हे ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट’ या वेगळ्या पत्त्यावर आहेत आणि गुगलचे लॉग-इन दुसऱ्या पत्त्यावर. शिवाय ब्लॉगस्पॉटवरील प्रत्येक ब्लॉगला ब्राउझर वेगळे घर मानतात. एका घरातील आग शेजारी जाऊ नये, अशी ही रचना आहे. पण त्या घरात आलेल्या वाचकाला चटका बसू शकतोच. तेथे काय चालवायचे, याची जबाबदारी ब्लॉगलेखकावर येते.

स्वतःची साइट घेतली तर?

भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः वर्डप्रेस बसवल्यास प्रशासक आणि संपादकाला सर्व प्रकारचा कोड टाकता येतो. ‘लेखक’ दर्जाच्या सदस्याला मात्र तेथेही चाळणी लागू असते. वर्डप्रेस डॉट कॉमच्या काही सशुल्क योजनांतही प्लगइनच्या मदतीने अधिक मोकळीक मिळते.

मोकळीक म्हणजे सुरक्षितता नव्हे. ‘पॉलिफिल’ ही जुन्या ब्राउझरना मदत करणारी स्क्रिप्ट असंख्य साइट दुसऱ्याच्या पत्त्यावरून घेत होत्या. 2024 मध्ये त्या पत्त्याची मालकी बदलली आणि जूनमध्ये तेथून घातक कोड येत असल्याचे उघड झाले. एक लाखाहून अधिक साइटना त्याचा धोका निर्माण झाला. त्यांच्या मालकांनी स्वतःच्या पानात एक अक्षरही बदलले नव्हते.

ब्लॉगलेखकांनी काय करावे?

कोड चिकटवण्याआधी आपल्या सेवेची मान्य यादी पाहावी आणि शक्य तेथे केवळ दुवा टाकावा. आलेख किंवा प्रश्नमंजूषा चालत नसेल, तर तिचे छायाचित्र लेखात ठेवून त्याला मूळ पानाचा दुवा जोडावा. अनोळखी ठिकाणचा, ‘भेटींची संख्या दाखवा’ छापाचा कोड टाळलेलाच बरा.

मुख्य माहिती लेखात शब्दांतही असावी. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली आणि भारतातील पानांवरचे टिकटॉक व्हिडीओ दिसेनासे झाले. फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी संपला; त्यावर बेतलेल्या प्रश्नमंजूषा आणि खेळ 12 जानेवारी 2021 पासून बंद पडले. दोन्ही वेळा ब्लॉग जागेवरच होते, उसना भाग मात्र गेला. कापसाच्या भावाचे आकडे साध्या तक्त्यात दिले असतील, तर आलेख उडाला तरी ते वाचकापर्यंत पोहोचतात. तक्त्याची खूण चाळणीच्या मान्य यादीत असते.