वेल्डिंग आणि विजेची परतीची वाट

विरारच्या गाडीने रोज मुंबईस जाणाऱ्या मंडळींना आम्ही एक साधा प्रश्न अनेकदा विचारला आहे. घरातील दिव्याला दोन तारा लागतात, हे सर्वांस ठाऊक असते. मग गाडीच्या डोक्यावर एकच तार असताना गाडी चालते कशी? बहुतेकजण क्षणभर थांबतात. काहीजण म्हणतात, त्या तारेत वीज फार जोराची असते, म्हणून एक पुरते. हे उत्तर बरोबर नाही. दुसरी तार आहेच. ती आपण रोज पाहतो, पण तिला तार म्हणत नाही. वरच्या तारेतून आलेला प्रवाह गाडीची यंत्रे फिरवून चाकांवाटे रुळांत उतरतो आणि मुख्यतः रुळांच्या वाटेने उपकेंद्राकडे परत जातो. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली तेव्हापासून हा क्रम चालू आहे.

आजचा आमचा विषय घरच्या आवारात केल्या जाणाऱ्या वेल्डिंगचा आहे. पुस्तकी मराठीत ज्याला वितळजोडकाम म्हणतात, तेच हे काम. आरंभी रेल्वेचा दाखला देण्याचे कारण असे की, या कामातील विजेचे बहुतेक सारे धोके एकाच गोष्टीच्या विस्मरणातून निर्माण होतात. वीज येते कोठून, हे माणूस पाहतो. ती परत कोणत्या वाटेने जाते, हे पाहत नाही.

आमच्या वसई-विरार भागात या कामाची गरज मोठी आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे लोखंड टिकत नाही. फाटकाची बिजागरी, खिडकीची जाळी, पत्र्याच्या शेडचा खांब, विहिरीवरच्या पंपाची चौकट, यांपैकी काही ना काही दर वर्षी गंजून तुटते. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत हात तयार झालेले कारागीर येथे घरोघर आहेत. आता खांद्याला अडकवून नेता येईल इतके हलके इन्व्हर्टर मशीन बाजारात मिळते. तेव्हा रविवारी अंगणात मशीन काढून आपले फाटक आपणच जोडावे, असे अनेकांस वाटते. त्यात गैर काही नाही; मात्र आपण हातात काय धरतो आहोत, याची जाण असली पाहिजे.

वाडीत पाटाने पाणी सोडले आणि ते केळीच्या बुंध्याशी पोहोचले की त्याचे काम संपले. विजेचे तसे नाही. जेथून ती निघाली तेथे परत पोहोचण्यास वाट असेल तरच ती निघते, आणि जितकी निघते तितकीच परत येते. तिला ढकलणारा जोर तो दाब, म्हणजे व्होल्ट. वाहणारे प्रमाण तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. आणि वाटेतील अडथळा तो रोध, म्हणजे ओहम. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराने शक्ती ठरते, म्हणजे वॅट. आणखी एक नियम ध्यानात ठेवावा: तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

पश्चिम रेल्वेने पूर्वीची १५०० व्होल्टची एकदिश वीज काढून २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आणली. ते काम २०१२ साली पूर्ण झाले. दाब वाढला की तीच शक्ती कमी प्रवाहात नेता येते आणि तारा कमी तापतात. वेल्डिंगचे मशीन नेमके याच्या उलट करते. त्याला उष्णताच हवी असते. म्हणून ते घरातील २३० व्होल्टचा दाब उतरवते आणि प्रवाह वाढवते. कांडी लोखंडाला टेकवून किंचित उचलली की मध्ये प्रज्योत पेटते. तिचा दाब असतो वीस-पंचवीस व्होल्ट, पण प्रवाह शंभर अँपिअर. एवढ्यावर लोखंड पाण्यासारखे वितळते.

आता घरच्या प्लगचा हिशेब करू. दहा नंबरची, म्हणजे ३.१५ मिलिमीटरची कांडी साधारण १०० अँपिअरवर चालते. प्रज्योतीची शक्ती १०० गुणिले २४, म्हणजे २४०० वॅट. हा आकडा ऐकून आपण म्हणतो, गिझरही एवढाच घेतो, मग १६ अँपिअरच्या प्लगला काय झाले? येथेच फसगत होते. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये २३० व्होल्टचे सुमारे ७० व्होल्ट केलेले असतात. म्हणजे दाब सव्वातीन पटींहून थोडा अधिक उतरतो. साहजिकच १०० अँपिअर बाहेर काढण्यासाठी आत सुमारे ३० अँपिअर घ्यावे लागतात. साधे इन्व्हर्टर मशीनही याच कामाला अठरा-वीस अँपिअर घेते. मीटर वॅट मोजते, पण भिंतीतील वायर अँपिअरने तापते. म्हणून बिल थोडे येते आणि प्लग मात्र काळा पडतो. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठी बसवणारे पुष्कळ आहेत. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी करणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणे होय. मशीनसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जोडणी घ्यावी. तीस अँपिअरसाठी साधारणतः ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरची एमसीबी लागते. परंतु अंतर आणि मंजूर भार पाहून हे ठरवण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे.

येथवर वीज येण्याची वाट झाली. आता परतीची.

मशीनमधून दोन जाड केबली निघतात. एक कांडीच्या होल्डरला जाते. दुसरी चिमट्याने लोखंडाला लावतात. या दुसरीला आपल्याकडे सर्रास ‘अर्थ’ म्हणतात. या एका शब्दाने जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. ती अर्थ नव्हे, ती परतीची तार आहे. घरातील हिरवी वायर हीच खरी अर्थ. तिच्यातून एरव्ही प्रवाह वाहायचाच नसतो, बिघाड झाला तरच ती कामास येते. पण नाव एकच पडल्याने चिमटा कोणत्याही लोखंडाला लावला तरी चालतो, अशी समजूत रूढ झाली आहे.

आमच्या परिचयाच्या एका वाडीत घडलेली हकीकत सांगतो. विहिरीवरच्या पंपाची चौकट मोडली होती. केबल आखूड पडली, म्हणून चिमटा चौकटीला न लावता जवळच्या शेडच्या लोखंडी खांबाला लावला. त्याच खांबाला मशीन टेकून ठेवलेले होते. काम उत्तम चालले. थोड्या वेळाने घरातील मुलगा ओरडत आला की, पंपाच्या वायरीतून धूर येत आहे. झाले होते असे: चौकटीत शिरलेल्या प्रवाहाला खांबाकडे जाण्यास सरळ वाट नव्हती. तो पंपाच्या अंगातून त्याच्या हिरव्या वायरीत गेला, तेथून घराच्या बोर्डात, बोर्डातून मशीनच्या हिरव्या वायरीत, मशीनच्या पत्र्यात, खांबात आणि शेवटी चिमट्यात. सुतळीएवढ्या तारेतून नव्वद-शंभर अँपिअर वाहत होते. एमसीबी पडली नाही, कारण ती फेजच्या तारेवर पहारा करते. हिरव्या तारेचा हिशेब तिच्याकडे नसतो.

मुलाने धूर पाहिला नसता तर काय झाले असते? हिरवी वायर जळून तुटली असती आणि पंप पूर्वीसारखाच चालू राहिला असता. कोणास काही कळले नसते. पुढे पावसाळ्यात एखाद्या दिवशी पंपाच्या अंगात वीज उतरली असती आणि ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने त्याला हात लावला असता. चुकीच्या जागी लावलेल्या चिमट्याची किंमत अशी महिन्यांनंतर, भलत्याच माणसाला चुकवावी लागते. यास्तव पहिला नियम हा: चिमटा ज्या लोखंडाचे काम आहे त्यालाच, सांध्याच्या शक्य तितक्या जवळ, रंग आणि गंज खरवडून घट्ट लावावा. केबल आखूड असेल तर लांब आणावी. काम पंपाशी असेल तर त्याची जोडणी आधी सोडवावी.

माणसाचे शरीरही विजेला परतीची वाट होऊ शकते. कोरडी त्वचा पुष्कळ रोध करते. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागले तर २३० मिलिअँपिअर होतात. आणि हृदयाची लय बिघडवण्यास पन्नासच्या आसपासही पुरतात. घरातील न्यूट्रल तार पुरवठ्याच्या ठिकाणी जमिनीस जोडलेली असते, म्हणून फेजला हात लागताच ओली जमीन परतीची वाट होते. अशा वेळी आरसीसीबी प्राण वाचवते. जितका प्रवाह गेला तितका परत आला की नाही, एवढाच हिशेब ती ठेवते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच वीज तोडते. ज्या घरात ती नाही त्या घरात मशीन लावूच नये.

परंतु आरसीसीबी आहे म्हणून होल्डरच्या बाजूला निर्धास्त राहू नये. प्रज्योत पेटण्यापूर्वी कांडी आणि काम यांच्यामध्ये सत्तर-ऐंशी व्होल्ट असू शकतात. एक हात लोखंडावर टेकलेला, दुसऱ्या हातात ओल्या मोजातून धरलेली कांडी. सत्तर भागिले हजार म्हणजे सत्तर मिलिअँपिअर छातीतून जातात. हा प्रवाह मशीनच्या दुय्यम बाजूस निघतो आणि तेथेच परततो. घराच्या बाजूचा जमाखर्च बरोबर जुळत असल्याने आरसीसीबीला काहीच कळत नाही. येथे संरक्षण एकच, कोरडेपणा. कोरडे चामडी मोजे, रबरी तळाचे बूट, पायाखाली कोरडी फळी. लोखंडावर बसून काम करू नये, होल्डर काखेत धरू नये, पावसात काम काढू नये. रिकाम्या अवस्थेत दाब आपोआप उतरवणारी मशीने मिळतात, ती घ्यावीत. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे पाणी भरले तसे भरून मशीन बुडाले असेल, तर तपासून घेतल्याखेरीज चालू करू नये.

कित्येक ठिकाणी एकच फेज ओढून परतीसाठी जमिनीत सळई ठोकतात. त्याने ती सळई आणि भोवतालची माती जिवंत होते. हे कायद्याने चोरी असेल वा नसेल, शेजाऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने तो सापळाच आहे.

विजेखेरीज आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रज्योतीतील अतिनील किरणांनी डोळे भाजतात. काही तासांनी वाळू गेल्यासारखे खुपते. बटाट्याची चकती ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे; आणि मुळात दहा-अकरा नंबरच्या काचेखेरीज पाहू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाच्या धुराने थंडीताप येतो. शिवाय वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचे कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१७ साली ठरवले आहे. तेव्हा काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, धूर तोंडावर येणार नाही असे बसून करावे. आणि तेलाचे रिकामे पिंप कधीही जोडू नये. रिकामे दिसते तेव्हाच त्यात स्फोटक वाफ असते. काम संपल्यावर निदान तासभर जागेवर लक्ष ठेवावे, कारण ठिणगी भाताच्या पेंढ्यात बराच वेळ धुमसत राहते.

एवढे करूनही कोणास धक्का बसलाच, तर त्याला हात न लावता आधी वीज बंद करावी. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

येत्या रविवारी ज्यांना फाटक जोडायचे आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मशीनचे बटण दाबण्यापूर्वी होल्डरपासून बोट फिरवीत निघावे: कांडी, सांधा, लोखंड, चिमटा, केबल, मशीन. हे वर्तुळ दुसऱ्या कोणत्याही वस्तूला किंवा माणसाला न शिवता पूर्ण होत असेल, तरच बटण दाबावे. नसेल, तर विजेला परतीची वाट मिळणारच आहे. फक्त ती आपण निवडलेली नसेल.