आमसूल, हळद आणि आपले यकृत



हमरिया फ्री झोनमध्ये काम करणाऱ्या आपल्या मंडळींच्या गप्पांत 'फॅटी लिव्हर' हा शब्द आम्हाला हल्ली वरचेवर ऐकू येतो. पाळीची ड्युटी, रात्री उशिराचे जेवण आणि उन्हाळ्यात बंद पडलेले चालणे यांमुळे पोट सुटते, यकृतात चरबी साठते. दारूला न शिवणाऱ्यांनाही हे होते. म्हणूनच २०२३ साली तज्ज्ञांनी या विकाराला चयापचयाशी जोडणारे नवे नाव दिले. मग प्रश्न येतो, "कोकम, हळद घेतली तर उतरेल का?"

कोकम : कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. जांभूळ, काळी द्राक्षे आणि वांग्याच्या सालीतही ती असतात. त्यांतली थोडीच जशीच्या तशी रक्तात जातात, बाकीची मोठ्या आतड्यातले जीवाणू मोडतात. अँथोसायनिनच्या काही चाचण्यांत कोलेस्टेरॉल थोडे सुधारलेले दिसले, पण यकृताची चरबी उतरवणारे औषध म्हणून कोकम सिद्ध झालेले नाही. शिवाय अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक! साखरेतल्या फ्रुक्टोजची यकृतात चरबी होते. त्यापेक्षा आमसुलाचे सार किंवा बिनसाखरेची सोलकढी बरी. आगळात मीठ भरपूर असते, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी जपून.

हळद : हळदीवरचे अमेरिकन पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवले, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण तो वाद जखमेवर लावायच्या हळदीचा होता. हळदीतले पिवळे कर्क्युमिन पोटातून फार कमी शोषले जाते. म्हणून कॅप्सूलमध्ये ते भरपूर भरतात आणि अनेकदा सोबत मिऱ्यातले पायपरीन घालतात. २०१९ मध्ये इटलीत अशी पूरके घेणाऱ्यांना यकृतदाह झाल्याचे आढळले. फोडणीतली चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल एक नव्हे.

मग करायचे काय? कमरेचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. स्थूल व्यक्तीने वजन हळूहळू ५ ते १० टक्के उतरवले तर यकृतातली चरबी कमी होते. ताटात पालेभाजी, गाजर, टोमॅटो असू द्या. त्यांतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांना चमचाभर तेलाची फोडणी पुरते.

आणि हो, गावाहून कोणी 'लिव्हरची पावडर' पाठवली तर आधी डॉक्टरांना दाखवा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर मात्र सुट्टीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.