प्रकाश पाहायला शिकवणारी भटकंती

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून सहली निघतात. पूर्वी अशा सहलीत एखाद्याच शिक्षकाच्या गळ्यात कॅमेरा असे. आता मोबाइलमुळे प्रत्येक गटात एक-दोन कॅमेरे असतातच. परत येताना फोटोही शेकड्यांनी येतात. पण त्यांतून काय शिकलो, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. वास्तविक कॅमेरा घेऊन उघड्यावर हिंडणे हा प्रकाशविज्ञानाचा एक उत्तम पाठ आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. काय पाहायचे हे मात्र ठाऊक असावे लागते. ते आपण या लेखात पाहू.

प्रवासाने घडवलेला कॅमेरा

हातात मावणारा कॅमेरा जन्माला आला तोच मुळी हौशी माणसांच्या भटकंतीतून. १८७७च्या सुमारास अमेरिकेतील रॉचेस्टर गावी जॉर्ज ईस्टमन नावाचा एक तरुण बँकेत कारकून होता. सुटीत सांतो दोमिंगोला जावे असे त्याच्या मनात होते. प्रवासाची छायाचित्रे काढावीत म्हणून त्याने त्या काळचे साहित्य विकत घेतले. तेव्हा काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावाही लागे. त्यामुळे मोठा कॅमेरा, तिकाटणे, काचा, रसायने, पाणी आणि अंधारासाठी तंबू एवढे सगळे बरोबर न्यावे लागे. ईस्टमनचा तो प्रवास घडलाच नाही, पण हे ओझे कमी कसे करावे या विचाराने त्याला घेरले. त्यातून १८८८ साली १०० फोटोंचे रीळ भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आला.

जर्मनीतील ऑस्कर बार्नाक हा भिंगे बनवणाऱ्या लाइट्झ कारखान्यातला तंत्रज्ञ. त्याला रानावनात हिंडण्याची आणि फोटो काढण्याची हौस होती. पण त्याला दम्याचा त्रास असल्याने जड कॅमेरा पाठीवर घेऊन चालणे जमत नसे. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून लहानसा कॅमेरा बनवला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने विक्रीस आला. आता मनात आले की कॅमेरा खिशात टाकून बाहेर पडता येऊ लागले. मात्र बाहेर पडणाऱ्याला दिवे सोबत नेता येत नाहीत. निसर्ग जो प्रकाश देईल त्यावरच भागवावे लागते, आणि खरे शिक्षण येथूनच सुरू होते.

डोळा सावरून घेतो, कॅमेरा नोंद करतो

फिल्मच्या खोक्यावर पूर्वी एक छोटा तक्ता छापलेला असे. शटरचा वेग तोच ठेवून भर उन्हात भिंगाचे छिद्र १६ या आकड्यावर ठेवा, विरळ ढग असतील तर ११वर, ढगाळ असेल तर ८वर आणि दाट ढग किंवा सावली असेल तर ५.६वर, असे त्यात सांगितलेले असे. यातल्या प्रत्येक पायरीला छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट होते. म्हणजे उन्हातून सावलीत आलो की प्रकाश दोनाच्या तीन पायऱ्या उतरतो, तो आठपट कमी होतो! आपण उन्हातून वडाच्या सावलीत येतो तेव्हा प्रकाश आठपट घटला असे आपल्याला मुळीच वाटत नाही.

वर्गाची गोष्ट तर आणखी नवलाची आहे. भर दुपारी उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, तर चांगल्या उजेडाच्या वर्गात ३०० ते ५००. हा फरक दोनशेपटींहून जास्त आहे, तरी वर्गात आपण आरामात वाचतो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटलाची संवेदनक्षमता बदलते आणि उरलेले मेंदू सांभाळून घेतो. ही सोय जगण्यासाठी फार मोलाची आहे. पण तिच्यामुळे प्रकाशातला बदल आपल्या लक्षातच येत नाही. तो बदल कॅमेरा आपल्यापुढे मांडतो.

सकाळ, दुपार, संध्याकाळ

रंगाचेही असेच आहे. हवेच्या रेणूंमुळे प्रकाशाचे विकिरण होते आणि ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा चारपटींहून अधिक विखुरतो. सूर्य माथ्यावर असताना किरणांना हवेचा जेवढा थर ओलांडावा लागतो तो एक मानू. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला की हा थर दुप्पट होतो, ५ अंशांवर सुमारे दहापट आणि थेट क्षितिजावर सुमारे ३८पट. एवढ्या वाटेत निळा प्रकाश बहुतेक गळून जातो व पिवळा-तांबडा उरतो. याउलट, उन्हाआड असलेल्या जागेला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाकडून. म्हणून निरभ्र दिवशी सावलीत वाळत घातलेले पांढरे धोतर फोटोत निळसर येते. डोळ्यांना ते पांढरेच दिसते, कारण धोतर पांढरे असते हे मेंदूला ठाऊक असते!

सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या या मवाळ उन्हाला परदेशी पुस्तकांत 'सोनेरी तास' म्हणतात. आपल्याकडे मात्र तो तासभर टिकत नाही. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांच्या आत असतो तेवढा वेळ मोजला, तर मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी लंडनला तो सुमारे ३९ मिनिटे भरतो आणि पुण्याला अवघी २५. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, तर लंडनला तिरका. तेव्हा पुस्तकातला तास गृहीत धरून निवांत बसणाऱ्याच्या हातून आपल्याकडचा प्रकाश निसटतो. हे गणित भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर घ्यावे.

प्रकाशाची दिशाही महत्त्वाची. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिमेकडील अंगात कोरलेली आहेत. सकाळी त्यांचे दर्शनी भाग सावलीत असतात आणि दुपारनंतर त्यांवर ऊन येते. तिरक्या उन्हात शिल्पांचे उठाव स्पष्ट होतात, समोरून आलेल्या उन्हात ते सपाट भासतात. ढगाळ दिवशी सगळे आकाशच एक विशाल दिवा बनते आणि सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. असा दिवस वाया गेला असे न मानता पाने, फुले, माणसांचे चेहरे टिपावेत.

सावरून घेणारा कॅमेरा

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. आजचा मोबाइल डोळ्यासारखाच सावरून घ्यायला शिकला आहे. तो एका क्षणात अनेक फोटो घेऊन जोडतो, सावल्या उजळतो आणि रंग 'दुरुस्त' करतो. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्को शहरावरचे आकाश नारिंगी झाले होते. लोकांनी मोबाइलने फोटो काढले, तर आकाश करडे आले! एवढा नारिंगी उजेड खरा असणार नाही, असे गृहीत धरून यंत्राने तो रंग काढून टाकला होता. ज्यांनी रंगाची जुळणी स्वतः ठरवली त्यांनाच खरे आकाश टिपता आले. फोटो हा निरीक्षणाचा पुरावा म्हणून वापरायचा असेल, तर यंत्र काय बदलते हे विद्यार्थ्याला माहीत असलेच पाहिजे. नाहीतर विलक्षण घडलेले नेमके तेच पुसले जाईल.

करून पाहा

१. मोबाइलच्या पडद्यावर फक्त काळा फळा मावेल असा एक फोटो घ्या. मग फक्त पांढरी भिंत मावेल असा दुसरा घ्या. दोन्ही करडेपणाकडे झुकलेले दिसतील. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ असते असे कॅमेरा धरून चालतो, म्हणून असे होते. काळ्या कातळाचा गड टिपताना हे लक्षात ठेवा.

२. शाळेच्या आवारातील एखादे झाड निवडा. त्याच्या बुंध्याला पांढरा कागद लावा. मोबाइलमध्ये 'प्रो' ही सोय असेल तर रंगाची जुळणी उन्हाच्या चिन्हावर किंवा ५५००वर कायम ठेवा. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत दर तासाला त्याच जागेवरून फोटो घ्या. सगळे फोटो ओळीने मांडून कागदाचा रंग आणि बुंध्याची सावली पाहा.

३. सहलीत प्रत्येक गटाला मोजून बारा फोटो द्या. प्रत्येक फोटोची वेळ, आकाशाची स्थिती आणि सूर्याची दिशा वहीत लिहायला सांगा. फोटो मोजके असले की मुले आधी बघतात, मग बटण दाबतात.

सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे नाही किंवा भिंग थेट त्याच्यावर रोखायचे नाही, हे मुलांना आधीच बजावावे. गडावर फोटो घेताना पाऊल मागे टाकायचे नाही, हा नियम तर शिक्षकांनीही पाळावा.

सहलीची वाट पाहायलाच हवी असेही नाही. पावसाची सर येऊन गेली, हवेतली धूळ बसली आणि दूरचे डोंगर एकदम जवळ दिसू लागले, की तास अर्धवट सोडून वर्ग बाहेर न्यावा. असा प्रकाश वेळापत्रकात लिहिता येत नाही. तो काही मिनिटेच असतो. 'सर, आज डोंगर जवळ का दिसतो?' असे एखाद्या मुलीने विचारले, तर त्या दिवसाचा विज्ञानाचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.