डोंगरवाऱ्याचा भत्ता

कळव्याच्या पूर्वेस पारसिकचा डोंगर उभा आहे. १९१६ साली खुला झालेल्या त्याच्या बोगद्यातून २०२२ पर्यंत जलद लोकल गाड्या जात तेव्हा डब्यात क्षणभर अंधार होई, आणि लोंबकळत प्रवास करणाऱ्या आमच्याकडील नोकरदाराला तेवढाच डोंगराचा सहवास घडे. खाडी, डोंगर आणि कारखाने यांच्या बेचक्यात वसलेल्या या गावात खडी फोडणारे सोडले तर इतर कोणाचे पोट डोंगरावर भरेल, असे पंचवीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. आज मात्र तसे होऊ लागले आहे. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पाठीवर भल्या मोठ्या पिशव्या घेऊन कसारा लोकलच्या दिशेने निघालेल्या तरुणांपैकी सारेच हौशी नसतात. त्यांतील काहीजण कामावर निघालेले असतात.

अशांपैकीच एक माझा माजी विद्यार्थी. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो एका खासगी कार्यालयात हिशेबनीस म्हणून लागला होता. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो भेटावयास आला आणि म्हणाला, "सर, नोकरी सोडतोय. ट्रेक नेणाऱ्या एका मंडळींनी पूर्णवेळ बोलावलं आहे. बाबा ऐकत नाहीत. तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी." अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे त्याचे शास्त्र खरेच कोठे उपयोगी पडते काय, हे तपासून पाहणे होय. म्हणून मी त्याला प्रथम विचारले, की तेथे मिळणार काय? त्याने पगाराचा आकडा सांगितला. तो आताच्या पगाराहून बराच कमी होता. मग तो उत्साहाने बाकीचे सांगू लागला. हिंडणे फुकट, जेवण फुकट, बूट आणि पाठपिशवी सवलतीत, मे महिन्यात हिमालयातील शिबिर, काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा, आणि रोज सकाळी साडेआठच्या गर्दीतून कायमची सुटका. "आणि सर," तो शेवटी म्हणाला, "कोकणकड्यावरचा सूर्यास्त कुठल्या ऑफिसात मिळतो?"

या यादीची थट्टा करण्याचा मोह मी आवरला, कारण ती थट्टेची नाही. वेतनेतर लाभ ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात माझ्या वडिलांची हयात गेली. कॅन्टीनमधील स्वस्त जेवण, वर्षाला दोन गणवेश, कारखान्याची बस आणि दिवाळीचा बोनस हे त्यांचे लाभ. त्यामागे राज्य विमा (१९४८), भविष्यनिर्वाह निधी (१९५२), बोनस (१९६५) आणि उपदान (१९७२) यांच्या कायद्यांची तटबंदी होती. या कायद्यांतील तरतुदी २०१९ आणि २०२० च्या श्रमसंहितांत सामावल्या गेल्या आहेत. त्या लाभांत काव्य नव्हते. परंतु वडील आजारी पडले तेव्हा त्यांचाच उपयोग झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या यादीत काव्य भरपूर होते. आजारपण मात्र कोठेच नव्हते.

येथे अ‍ॅडम स्मिथची आठवण होणे अपरिहार्य आहे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या पहिल्या खंडातील दहाव्या प्रकरणात त्याने निरनिराळ्या व्यवसायांतील मजुरी कमीजास्त का असते, याची चर्चा केली आहे. काम किळसवाणे वा कष्टाचे असेल तर मजुरी चढते. काम रमणीय असेल तर ती उतरते. शिकार व मासेमारी यांचे उदाहरण देऊन तो सांगतो, की एके काळी माणूस जे पोटासाठी करीत होता ते समाज सुधारल्यावर करमणूक म्हणून करू लागतो. आणि मग इतरांची करमणूक हा ज्यांचा धंदा असतो ती माणसे बहुधा गरीब राहतात, कारण त्या कामाच्या ओढीने धंद्यात पोसता येतील त्याहून अधिक लोक शिरतात. त्याच प्रकरणात आणखी एक मार्मिक निरीक्षण आहे. धोक्याची बेफिकिरी आणि यशाची अवास्तव आशा ही दोन्ही आयुष्यात सर्वांत प्रबळ असतात ती नेमकी व्यवसाय निवडण्याच्या वयात. अडीचशे वर्षांपूर्वीच्या या स्कॉटिश प्राध्यापकाने सह्याद्री पाहिला नव्हता. परंतु कसारा लोकलमधील गर्दी त्याला परकी वाटली नसती.

आपल्याकडे या गोष्टीला एक जास्तीचा पदर आहे. महाराष्ट्रातील गिरिभ्रमण वाढले ते धंदा म्हणून नव्हे, तर निष्ठा म्हणून. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेली 'गिरिविहार', मुलुंडची 'चक्रम हायकर्स', पुण्याची 'गिरिप्रेमी' अशा संस्थांतील लोकांनी नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून वाटा शोधल्या, सुळके सर केले आणि नवख्यांना दोर धरायला शिकविले. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'चे स्वयंसेवक आजही दरीत अडकलेल्यांना वर काढण्यासाठी अपरात्री धावतात. या परंपरेबद्दल आदर बाळगावा तितका थोडाच. परंतु ज्यांची चूल दुसऱ्या पगारावर पेटत होती त्यांचा तो सेवाधर्म होता. धंदेवाईक आयोजक जेव्हा त्याच धर्माची भाषा बोलून पगाराविषयी मौन पाळतो, तेव्हा त्यागाचे श्रेय त्याला आणि त्यागाचा खर्च दुसऱ्याला, अशी वाटणी होते.

हिशेब अवघड नाही. समजा, एका दिवसाच्या ट्रेकला ४० माणसे आली आणि प्रत्येकाने १,२०० रुपये दिले. जमा झाले ४८,००० रुपये. बसचे २०,००० आणि पायथ्याच्या गावातील न्याहारी-जेवणाचे माणशी ३०० प्रमाणे १२,००० वजा जाता १६,००० उरतात. चार मार्गदर्शकांना प्रत्येकी १,२०० दिले तर ४,८०० गेले. राहिलेल्या ११,२०० रुपयांतून जाहिरात, साहित्याची झीज, रिकाम्या आसनांची तूट आणि आयोजकाचा नफा निघावयाचा. म्हणजे आयोजकही काही कुबेर नव्हे. शनिवार-रविवार धरून मार्गदर्शकाला महिन्यात आठ फेऱ्या मिळाल्या तर त्याचे ९,६०० रुपये होतात. अशा वेळी एखादा हौशी तरुण पुढे येऊन म्हणतो, "मला पैसे नकोत, ट्रेक फुकट द्या, मी लोकांना सांभाळून नेतो." आयोजकाचे १,२०० रुपये वाचतात. तरुणाला वाटते आपला ट्रेक फुकट झाला. वस्तुतः त्याची किंमत त्या दिवशी घरी बसलेल्या दुसऱ्या मार्गदर्शकाने दिलेली असते. फुकट हिंडणे हा लाभ खरा. परंतु बाजारात तोच मजुरी पाडणारा प्रतिस्पर्धी होतो.

त्यातही ही कमाई बारमाही नाही. पावसाळ्यात गर्दी उसळते, हिवाळ्यात बरी असते, उन्हाळ्यात सह्याद्री तापतो. २०२० साली महासाथीत सारे डोंगर बंद झाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील अनेक पर्यटनस्थळांवर प्रतिबंधक आदेश निघाले. तसे आदेश काढावे लागतात, हे मान्य. परंतु ऐन हंगामातील आठवडे बंद राहिले तर त्याची नुकसानभरपाई कोणत्या खात्यातून येते? मार्गदर्शकाच्या खिशातून.

याच पायवाटेवर दुसराही एक कामगार उभा असतो. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे पाचनई, कळसूबाईखालचे बारी, राजमाचीची उधेवाडी या गावांत पिठले-भाकरी रांधणारी, वाट दाखविणारी, तंबू वाहणारी माणसे आहेत. शहरातून आलेला मार्गदर्शक आपल्या मजुरीतील तूट सूर्यास्ताने भरून काढतो. पाचनईच्या माणसाला तो सूर्यास्त जन्मापासून दिसत आला आहे. त्याला तो पगारात वळता करून घेण्याचे कारण नाही. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ओझे चढविणे हे त्याच्या लेखी ओझे चढविणेच असते. तो जो भाव मागतो तोच कदाचित या कामाचा खरा भाव असावा. शहरी मंडळी मात्र त्याला महाग म्हणतात.

मग जगात इतरत्र काय घडते? कॅलिफोर्नियातील 'पॅटागोनिया' ही गिर्यारोहक इव्हाँ शुईनार्ड यांनी स्थापन केलेली कंपनी. समुद्रावर चांगल्या लाटा उठल्या तर काम बाजूस ठेवून कर्मचाऱ्यांनी खुशाल लाटांवर स्वार व्हावे, ही तेथील मुभा जगभर गाजली. आमचे तरुण एवढीच गोष्ट ऐकतात. त्याच कंपनीने १९८० च्या दशकापासून कामाच्या जागी पाळणाघर चालविले, हे त्यांच्या कानावर येत नाही. आपल्याकडील उदाहरण बचेंद्री पाल यांचे. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेल्या या पहिल्या भारतीय महिलेने टाटा स्टीलच्या साहस प्रतिष्ठानाची धुरा दीर्घकाळ वाहिली, ती नोकरदार म्हणून. डोंगर आणि भविष्यनिर्वाह निधी यांचे हाडवैर नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

नेपाळचा धडा अधिक कठोर आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. सरकारने तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा शेर्पांच्या संतापाला सीमा राहिली नाही. त्यांनी काम थांबविले, त्या बाजूचा हंगाम जवळजवळ बुडाला, आणि किमान विम्याची रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपयांवर गेली. ज्यांना जग डोंगराचे पुत्र म्हणून गौरवीत होते, त्यांनी आपण कामगार आहोत असे ठणकावून सांगितले, तेव्हाच त्यांच्या जिवाची किंमत वाढली.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण आणले. आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे निकष ही त्यातील योग्य पावले होत. तथापि त्याचा मुख्य रोख सहभागी होणाऱ्या पर्यटकाच्या सुरक्षिततेवर आहे. भविष्यनिर्वाह निधी साधारणतः वीस आणि राज्य विमा दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. आपल्याकडील ट्रेक-आयोजक म्हणजे बहुधा दोन-तीन भागीदार, एक दूरध्वनी क्रमांक आणि शनिवारपुरती बोलावलेली मुले. कायद्याच्या चाळणीतून ती सहज खाली पडतात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गडांवरील गर्दी आता वाढणारच. ती वाढण्यापूर्वी दोन गोष्टी व्हाव्यात. नोंदणी देताना पर्यटकाच्या विम्याइतकाच मार्गदर्शकाचा अपघात विमा अनिवार्य असावा. आणि दार्जिलिंग (१९५४) वा उत्तरकाशी (१९६५) येथील संस्थांत प्रशिक्षण घेऊन आलेल्याला किमान दिवसभाडे ठरवून मिळावे. गावातील वाटाड्यालाही ते लागू असावे, हे ओघाने आलेच.

तिसरी गोष्ट शासनाची नाही, आपली आहे. या पानाचे वाचक शाळेच्या सहली ठरवितात, कार्यालयाच्या वर्षासहलीची वर्गणी गोळा करतात. तेव्हा आपण काय विचारतो? नाश्त्याला काय आहे, आणि बाराशेचे हजार होतील काय. तुमच्या मार्गदर्शकाचा विमा आहे काय, असे आपण कधी विचारले आहे? ज्याच्या हातातील दोराला आपली मुले लटकणार, त्याच्या पाठीशी कोणता दोर आहे, हे विचारण्यात गैर काहीच नाही.

अखेर त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी भेटलो. मुलाला अडवू नका, असे सांगण्याच्या तयारीनेच गेलो होतो. कंटाळवाण्या कामात तारुण्य झिजविणे हीसुद्धा एक किंमतच आहे, आणि ती कोणत्याही वेतनचिठ्ठीत लिहिलेली नसते. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. मग मुलाकडे वळून त्यांनी एकच विचारले, "पाय मोडला तर सहा महिने घर कोण चालवणार?" मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मीही काही बोललो नाही, कारण दीड तासाच्या माझ्या विवेचनात हाच प्रश्न राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दूरध्वनी केला. म्हटले, जा, परंतु जाण्यापूर्वी चार गोष्टी लेखी माग. अपघात विमा, बंद दिवसांचे किमान मानधन, प्रशिक्षणाचा खर्च आणि पगाराची ठरलेली तारीख. एवढे मिळाले तर सूर्यास्त खुशाल वर घे. न मिळाले तर मात्र सूर्यास्ताची किंमत पगारात धरू नकोस. तो तसाही कोणाच्या मालकीचा नाही, तेव्हा तो तुला देणारा मालक तुला काहीच देत नसतो.

चारांपैकी दोन गोष्टी त्याला मिळाल्या, असे त्याने नंतर कळविले. विमा त्यांत आहे. उरलेल्या दोहोंसाठी तो आणि त्याचे सोबती एकत्र बोलणार आहेत. वडील अजून फारसे बोलत नाहीत. पण शुक्रवारी रात्री डबा मात्र तेच भरून देतात.